गोधडीला प्रस्तावना

गिरगावात लेखक व्हायला पूर्वी फारसे कष्ट पडत नसत. खटाववाडीत मौज, मग मॅजेस्टिक, ढवळे, परचुरे, बॉम्बे बुक डेपो, आणि पाय मोकळे करत काळबादेवीपर्यंत गेलं तर कोलभाट गल्लीत निर्णयसागर. दूध आणायला निघालेला माणूस वाटेत दोन प्रकाशक आणि तीन कवी चुकवून घरी यायचा. एखाद्या दिवशी चुकवणं जमलं नाही की वर्षभरानं त्याचाही संग्रह निघायचा. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. त्यामुळे यातल्या बऱ्याच थोर मंडळींच्या ऱ्हस्व-दीर्घांची मला खासगी माहिती आहे. ती मी कुठे बोलत नाही.

मला सांगायचंय ते वेगळ्या लेखकांबद्दल. यांची पुस्तकं कपाटात नसतात, ती ओट्याशेजारी किंवा शिवणाच्या मशीनच्या खणात असतात. पानांवर तेलाचे डाग, हळदीची बोटं, मधेच एखादी टाचणी. साहित्याच्या इतिहासात यांना ओळ मिळत नाही. परिसंवादात बोलावलंच तर पाहुण्यांसाठी काय करू, एवढं विचारायला. समाज यांना लेखिका म्हणत नाही, ‘क्लासच्या बाई’ म्हणतो.

लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक काढलं. हजार कविता लिहिलेले कवी मराठीत कमी नाहीत, पण त्या वाचून घरचे जेवले असं कुणी कळवलेलं नाही. पुढे १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. वाटी आणि चमचा या मापांवर त्यांनी महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत एकवाक्यता आणली आणि पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती खपवल्या. तरला दलालांनी १९६६मध्ये मुंबईत घरातच स्वयंपाकाचे वर्ग घ्यायला सुरुवात केली, १९७४मध्ये पहिलं पुस्तक लिहिलं, मग शंभरावर लिहिली आणि २००७ साली पद्मश्री मिळवली. घरातल्या क्लासातून निघालेला रस्ता राष्ट्रपती भवनात जातो, ही बातमी आमच्याकडच्या क्लासच्या तमाम बायांनी जपून ठेवलेली आहे.

शिवणाकडे वळलं की झारापकर. आडनाव सांगतंच की मूळ झारापचं, म्हणजे कुडाळच्या बाजूचं. ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ हा ग्रंथ ज्यांनी उघडलाय त्यांना ठाऊक आहे की छाती भागिले चार आणि त्यात अमुक इंच मिळवले की माणूस कागदावर उतरतो. आमच्या पिढीतल्या कित्येक मुलींचे अपूर्णांक शाळेत कच्चे राहिले आणि शिवणाच्या क्लासात पक्के झाले, कारण शाळेत चुकलं तर फक्त गुण जायचे; इथे खण जायचा. ‘सिस्टिम’ हा शब्दही मला फार आवडतो. आम्ही शुद्धलेखनाचे नियम गेली कित्येक वर्षं बदलतोय. शिंप्यानं एकदा सिस्टिम म्हटलं आणि विषय मिटवला.

पण स्वयंपाक आणि ब्लाऊज यांचं एक बरं असतं. त्यांना माप असतं. गोधडीला पुस्तकात कसं बसवायचं?

हा प्रश्न मला पडायचं काही कारण नव्हतं. तो खोताच्या वाडीतल्या आमच्या शिवणाच्या बाईंना पडला आणि त्यांनी तो माझ्याकडे पाठवून दिला.

वाडीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर बाहेरचा माणूस सेंट तेरेसा चर्चच्या समोर उभा राहून वाडी कुठे म्हणून विचारतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागेचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले. त्यांनी लाकडी व्हरांड्याची, बाहेरून जिना असलेली टुमदार घरं बांधली. एके काळी अशी पासष्टेक घरं होती; आता तिशीच्या अलीकडे आली. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी रांगेनं येतात आणि मार्गदर्शक त्यांना कौलं, कठडे, क्रूस दाखवतो. आमच्या बाई यातल्याच एका घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू. खाली एक ईस्ट इंडियन आंटी राहते. ती क्रोशे शिकवते. वर सुईचा क्लास, खाली क्रोशाचा क्लास, आणि जिना एकच. कुणाच्या मुली किती आल्या ते दोघी चपला मोजून ठरवतात.

बाईंच्या पाटीवर शिवण, भरतकाम, विणकाम, रुखवत असा क्रम होता. गोधडी पाटीवर नव्हती. ती उन्हाळ्यात व्हरांड्यात आपोआप व्हायची, कारण क्लासची कात्रणं साठायची आणि टाकायचा बाईंचा स्वभाव नव्हता. पण एका विद्यार्थिनीच्या लेकीनं न्यू जर्सीहून तिथल्या दुकानातल्या गोधडीचा फोटो पाठवला, खाली किंमत. बाईंनी डॉलरचे रुपये करून घेतले. आधी चष्मा काढला, मग मशीन थांबवलं. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला : “भाऊजी, वही घेऊन या. पुस्तक लिहायचंय.”

पहिलं वाक्य सोपं गेलं. “जुनं लुगडं घ्यावं.”

“किती जुनं?” मी विचारलं. मुद्रितशोधकाला संदिग्धता खपत नाही.

“धुऊन धुऊन मऊ झालेलं.”

“म्हणजे किती मऊ?”

“आमच्या सासूबाईंचं असायचं तेवढं.”

सासूबाई आणि लुगडं या दोन्ही गोष्टी आता पडताळणीला उपलब्ध नसल्यामुळे मी ‘पुरेसं मऊ’ असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि “यात काय कळलं?” म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं पटलं, पण सासूबाईही परत आणता येईनात.

मग आला धावदोरा. गोधडी म्हणजे सगळा धावदोऱ्याचाच कारभार. वर चांगलं लुगडं, खाली चांगलं लुगडं, मधे जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, नवऱ्यानं अजून घालीन असं म्हणून ठेवलेले सदरे. सगळं जमिनीवर अंथरायचं, हातानं चुण्या काढायच्या, कच्चा दोरा घालायचा, आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत आत आत मधल्या टोकापर्यंत जायचं. दोन ओळींत अंतर किती? बाई म्हणाल्या, “बोटभर.”

“कुणाचं बोट?”

बाईंनी आजवर हजारो टाक्यांना हा प्रश्न पडू दिला नव्हता. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. मी इंचपट्टी लावली. सुईच्या टोचण्यांनी टोक असं निबर झालं होतं की पट्टी त्यावरून घसरत होती. अर्ध्या इंचाहून जास्त, पाऊण इंचाहून कमी. खात्री करावी म्हणून खालून आंटीला बोलावलं. तिचं बोट भरलं पाऊण इंच. “माय फिंगर इज करेक्ट वन,” आंटी म्हणाली आणि मग मराठीत, “हिचा बोट बारीक हाय, गोधडीन जास्त दोरा जाल.” यावर बाईंनी दोऱ्याचा खर्च कोण करतं हा मुद्दा काढला. माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे : ‘बोटभर (सुमारे अर्धा ते पाऊण इंच, बोटानुसार).’ ते तसंच छापलं गेलंय.

दरम्यान मी जगात गोधडीवर काय काय लिहिलं गेलंय ते पाहायला लागलो. मला वाटलं होतं, असून असून काय असणार. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मेरी वेबस्टर नावाच्या बाईंनी १९१५ साली गोधड्यांचा इतिहास आणि कृती असं दोन्ही असलेलं पुस्तक लिहिलं. केवळ गोधडीला वाहिलेलं ते तिकडचं पहिलं पुस्तक मानतात. त्यांच्या गोधड्यांच्या नक्ष्या आधी बायकांच्या मासिकात रंगीत छापून आल्या होत्या. पुढे १९७८मध्ये एलेनॉर बर्न्स नावाच्या शिक्षिकेनं स्वतःच छापून एक पुस्तक काढलं. त्याच्या नावातच ‘एका दिवसात गोधडी’ असं वचन होतं. आधी क्लास, मग पुस्तक, मग टीव्हीवर कार्यक्रम.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी दोराही न तोडता विचारलं, “एका दिवसात? मग दुसऱ्या दिवशी काय करतात?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे गोधडी हा वस्तूपेक्षा कार्यक्रम जास्त. चार बायका चार बाजूंना बसायच्या, आणि प्रत्येकीच्या बाजूला कोणाची सून कशी आहे ते शिवलं जायचं. एका दिवसात ती उरकली तर उरलेला वैशाख कशावर काढायचा?

त्याहून मोठा धक्का पुढे होता. तिकडच्या पुस्तकांत सामानाची यादी असते, आणि तीत पहिलं असतं नवं कापड. दुकानातून कोरं कापड आणायचं, त्याचे त्रिकोण-चौकोन कापायचे आणि पुन्हा एकमेकांना जोडायचे. बाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. मंगळदास मार्केटात ज्यांनी वीतभर कापडासाठी अर्धा तास घासाघीस केलीय त्यांना हे समजणं कठीण. “चांगलं अखंड कापड?” त्यांनी विचारलं. “फाडून?” मी होकार दिला. “घरात कोणी बोलत नाही त्यांना?”

आणि तिसरं : तिकडचे गुरू सांगतात की शिवण मध्यापासून सुरू करून कडेला न्या, म्हणजे चुण्या बाहेर निघून जातात. आमच्या बाई कडेपासून मध्याकडे जातात. दोघांच्याही गोधड्या सपाट होतात. उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही त्यांच्या कवंद्या कडेकडूनच आत शिवत नेतात, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. हे मात्र बाईंना एकदम पटलं. “बरोबर आहे. कोपरे रिकामे कसे सोडायचे? कोणाचा डबा आपण रिकामा परत करतो का?” म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या गोधडीच्या कोपऱ्यांना फुलं आली. पुस्तकात ते ‘पारंपरिक’ म्हणून दिलंय. परंपरा सुरू झाली त्या दुपारी मी तिथेच चहा पीत होतो.

मुंबईच्याच गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक देखणा इंग्रजी ग्रंथ केलाय, ‘गोधरीज ऑफ महाराष्ट्र’. तो छापला फ्रान्समधल्या, गोधडीचंच नियतकालिक चालवणाऱ्या प्रकाशनानं. म्हणजे आमच्या आजीच्या अंथरुणाची रंगीत छायाचित्रं पाहायची तर फ्रान्सला पैसे पाठवायचे. बाईंना हे सांगितल्यावर त्या दुखावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “त्यांनी मागची बाजू छापलीय का?”

हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हस्तलिखित झालं आणि प्रकाशक मिळाला. कोण ते विचारू नका. पुढचा मजकूर वाचल्यावर कळेल का ते. प्रकाशकांनी आधी पानं मोजली. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. आमची गोधडी तीन फॉर्म भरून चार पानं पुढे सांडत होती. “एकतर चार पानं कापा, नाहीतर बारा वाढवा.” लेखिकेचा आणि माझा कल कापण्याकडे, प्रकाशकांचा वाढवण्याकडे, कारण जाडीवर किंमत लावता येते. म्हणून दुपटं आलं, उशीचा अभ्रा आला, टीव्हीचं झाकण आलं. आता टीव्ही भिंतीला चिकटलेले असतात, झाकण घालायचं कुठे, असं मी विचारलं. “वाचकाला घरबसल्या काहीतरी करायला हवं असतं,” प्रकाशक म्हणाले.

तरी चार पानं उरली. ती प्रस्तावनेला दिली. चार पानांची प्रस्तावना ही मराठीत शक्य कोटीतली गोष्ट नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण ज्या निवृत्त प्राध्यापकांना विनंती केली ते फार सज्जन होते. त्यांनी अठरा पानं दिली. सुरुवात संतवाङ्मयातून, मग कर्जतचे गोदड महाराज, मग तुकड्यांतून समग्रता, मग स्त्रीचं अंतर्विश्व, मग खोताची वाडी हीच कशी एक गोधडी आहे. हे वाक्य येणार हे मला पहिल्या पानापासून दिसत होतं. ते चौदाव्यावर आलं. गोधडी पांघरल्यानं ऊब येते, ही गोष्ट अठराव्या पानावर. आता ही जादा चौदा पानं कुठून काढायची? प्रकाशकांनी आकृत्या कमी केल्या. कोपरा कसा वळवायचा याच्या सहा पायऱ्यांच्या दोन झाल्या. पहिलीत कोपरा वळलेला नाही, दुसरीत वळलेला आहे.

मनोगत बाईंनी स्वतः सांगितलं आणि त्यातला एक शब्द मी बदललेला नाही. सासूबाईंचे आभार, त्यांच्या लुगड्यांचे आभार, मशीनला तेल घालणाऱ्याचे आभार, आणि ‘खालच्या आंटी, ज्यांनी जिना सोडला’ त्यांचे आभार. शेवटची ओळ वाचून आंटी वर आली आणि दोघींनी तासभर कडाकडा भांडून मग एकत्र केक खाल्ला.

पण सगळ्यात मोठा वाद वेगळ्याच गोष्टीवरून झाला. क्लासात बाईंच्या तोंडी सर्वांत जास्त येणारा शब्द ‘उसव’ हा आहे. मुलगी टाका घालते, बाई चष्म्यावरून बघतात, “उसव.” ती पुन्हा घालते. “उसव.” रडकुंडीला आली की “आता ठीक आहे. पण उसव.” बाईंचं सगळं शास्त्र या एका क्रियापदात आहे. धावदोरा घालायला अर्धा दिवस शिकवावं लागतं. कुठे उसवायचं हे कळायला तीन वर्षं. मी म्हटलं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक ओळ टाकू : ‘इथवर केलेलं उसवा.’ बाईंना कल्पना बेहद्द आवडली. प्रकाशक हबकले. “वाचक पुस्तक विकत घेतो ते जमतं असं वाटायला,” ते म्हणाले. त्यांच्या आग्रहावरून ‘उसवा’च्या जागी सगळीकडे ‘सरावाने जमेल’ आलं.

प्रकाशन वाडीतच केलं, खुर्च्या गणपतीच्या मंडळाकडून आणल्या. व्यासपीठावर मागे दोरीवर गोधडी टांगलेली. प्रमुख पाहुणे तुकड्यांतून समग्रतेकडे निघाले होते, तेवढ्यात समोरच्या दोन रांगांतल्या बायका उठून गोधडीजवळ गेल्या. त्यांनी तिचा खालचा कोपरा धरला आणि उलटवला. मागची बाजू! एकीनं नखानं टाका उचलून पाहिला. दुसरीनं ओळीवरून बोट फिरवलं. तिसरीनं गाठ कुठे मारलीय ते शोधलं. सापडली नाही, तेव्हा तिनं मान हलवली. पाहुण्यांना वाटलं, दाद आपल्याला आहे. त्यांनी समग्रता आणखी दहा मिनिटं ताणली. बाई मात्र पाहुण्यांकडे पाठ करून त्या तिघींकडे बघत होत्या. मी आजवर एवढी परीक्षणं वाचली, पण पुस्तक उलटं करून गाठ शोधणारा समीक्षक पाहिला नाही.

मानधन म्हणून बाईंना प्रती मिळाल्या, पैसे नाहीत. प्रकाशकांनी सांगितलं, कलेच्या पुस्तकांत हीच पद्धत आहे. बाईंनी त्या प्रती मशीनखाली रचल्या. पायपट्टी आता जरा उंचीवर आल्यानं गुडघा कमी दुखतो म्हणतात.

आंटीला भीती होती की पुस्तक आलं म्हणजे वरचा क्लास बंद पडणार. घरबसल्या शिकता येत असेल तर जिना कोण चढेल? झालं उलटंच. दादर, परळ, पार डोंबिवलीहून बायका पिशवीत फुगलेली, झोळ आलेली, एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात पातळ झालेली गोधडी घेऊन यायला लागल्या. चपला मोजता मोजता आंटीचा हिशोब चुकतो. तिनंही मला क्रोशेच्या पुस्तकाबद्दल हळूच विचारून ठेवलंय, पण तिची अट आहे की बोट तिचंच छापायचं.

परवाच एक बाई आल्या होत्या. हातात पुस्तक, पानात खूण घातलेली. आमच्या बाईंनी गोधडी अंथरली, ओळीवरून तर्जनी फिरवली, मधे थांबल्या आणि म्हणाल्या, “उसव.”

“अहो, पण पान चौतीसवर तुम्हीच लिहिलंय, ‘सरावाने जमेल’.”

बाईंनी चष्मा लावून पान चौतीस वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुस्तक मिटून त्यांच्या हातात परत दिलं. “ते पुस्तकात,” म्हणाल्या. “इथे उसव.”